मठातून बाहेर पडलेली दुर्बीण

१/ पहिली दुर्बीण कोणती घ्यावी, असे अनुभवी आकाशनिरीक्षकास विचारले, तर बहुधा उत्तर येते : ६ किंवा ८ इंची ‘डॉब्सोनियन’. हे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या जॉन डॉब्सन यांना दुर्बिणींपायी आपला मठ गमवावा लागला होता.

२/ डॉब्सन यांचा जन्म १९१५ चा, बीजिंगमधला. पुढे कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला आले. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर १९४४ मध्ये ते तेथील वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले. ही सोसायटी १९०० साली स्वामी विवेकानंदांनी स्थापिलेली. विज्ञान आणि वेदान्त यांची सांगड घालण्याचे काम डॉब्सन यांच्याकडे आले. विश्वाविषयी लिहायचे, तर ते आधी पाहावे, असे त्यांना वाटले. अडचण एकच : संन्याशाजवळ पैसा कुठला?

३/ त्या काळी दुकानात मिळे ती ६० मिलिमीटर भिंगाची, लटपटत्या तिपाईवरची दुर्बीण. अशा दुर्बिणींच्या खोक्यांवर शेकडो पटींच्या वर्धनाची जाहिरात असे (आजही असते!). वास्तविक एवढ्या भिंगाला सुमारे १२० पट वर्धन झेपते. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण अंधूक आणि पुसट. दुर्बिणीचे खरे बळ वर्धनात नसून प्रकाश गोळा करण्यात असते, आणि ते ठरते भिंगाच्या वा आरशाच्या व्यासावर.

४/ डॉब्सन यांनी जहाजाच्या गोल खिडकीची भंगारातली काच मिळवली आणि हाताने घासून १२ इंची आरसा घडविला. वर्ष १९५६. व्यास ६० मिलिमीटर भिंगाच्या पाचपट, म्हणून प्रकाश सुमारे २५ पट. त्यातून अर्धा चंद्र पाहिला, तेव्हा हे दृश्य सर्वांनी पाहिलेच पाहिजे, हा एकच विचार त्यांच्या मनात आला. तो अखेरपर्यंत सुटला नाही.

५/ आरसा झाला, पण तो पेलणार कोण? पृथ्वीच्या अक्षाला समांतर फिरणारी प्रचलित बैठक जड, महाग आणि जुळविण्यास किचकट. डॉब्सन यांनी तिचा नादच सोडला. पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडची पेटी, आणि हालचाल दोनच : वरखाली व डावीउजवीकडे. पातळ आरशाला आधार गालिच्याच्या तुकड्याचा. घर्षण इतकेच, की बोटाने ढकलली तर दुर्बीण सरकावी आणि सोडली तर जागीच राहावी. दीर्घ छायाचित्रणास ती निरुपयोगी, कारण पृथ्वी फिरते तसा तारा दृष्टिक्षेत्रातून निसटतो. पाहणाऱ्याला मात्र एवढे पुरे होते.

६/ १९५८ मध्ये त्यांची रवानगी सॅक्रामेंटोच्या मठात झाली. तेथे रात्री चाके लावलेली दुर्बीण ढकलत ते वस्तीत जात आणि शेजारपाजारच्यांना शनी दाखवीत. मठाची नाराजी वाढली, तेव्हा पत्रांतून दुर्बिणीला ‘जिरेनियम’ या फुलझाडाचे सांकेतिक नाव मिळाले! मठाची बाजूही अगदीच अनाकलनीय नव्हती. साधक वारंवार बाहेर राहू लागला, तर मठाच्या शिस्तीचे काय? अखेर १९६७ मध्ये, २३ वर्षांच्या वास्तव्यानंतर, त्यांना मठ सोडावा लागला. ना घर, ना नोकरी.

७/ पुढच्याच वर्षी दोन मुलांसह त्यांनी ‘सॅन फ्रान्सिस्को साइडवॉक ॲस्ट्रॉनॉमर्स’ ही मंडळी उभी केली. कोपऱ्यावर दुर्बीण लावायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलवायचे. शुल्क नाही, सभासदत्व नाही. पाहणाऱ्यांतले कित्येक पुढे त्यांच्याकडूनच आरसा घासायला शिकले.

८/ १९८० च्या सुमारास कारखानदारांनी हा आराखडा उचलला. डॉब्सन यांनी त्याचे पेटंट कधीच घेतले नव्हते. ही बैठक आपला शोध आहे, असेही ते मानीत नसत. अशा बैठकांवर शतकानुशतके तोफा फिरविल्या गेल्या आहेत, असे ते सांगत. २०१४ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.