धातुबद्ध पोर्सलिन दंतटोपी
किडलेल्या अथवा मोडलेल्या दातावर बसवावयाची, आतून धातूची व बाहेरून पोर्सलिनची टोपी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डिट्रॉइट येथील दंतवैद्य चार्ल्स हेन्री लँड यांनी प्लॅटिनमाच्या पातळ पत्र्यावर पोर्सलिन भाजून टोप्या बनविल्या. त्या नैसर्गिक दातासारख्या दिसत. परंतु ठिसूळ असल्याने चर्वणाच्या दाबाने फुटत. सोन्याची टोपी टिकाऊ, पण डोळ्यांत भरणारी. दोहोंचा संयोग साधण्यातील मुख्य अडचण अशी की, भट्टीतून काढल्यावर सोने साध्या पोर्सलिनाच्या जवळजवळ दुप्पट आकुंचन पावते व लेप तडकतो. पोर्सलिनात ल्युसाइट या खनिजाचे स्फटिक निर्माण करून त्याचे प्रसरण वाढविण्याच्या पद्धतीस १९६२ मध्ये अमेरिकेत एकस्व मिळाले. एम. वाइनस्टाइन, एस. कॅट्झ व ए. बी. वाइनस्टाइन हे तिचे जनक होत. धातूचे आकुंचन किंचित अधिक ठेवल्याने पोर्सलिन दाबाखाली राहते. ते दाब सोसते, ताण सोसत नाही. मिश्रधातूतील कथिल, इंडियम इत्यादींच्या ऑक्साइडांचा पातळ थर दोहोंना रासायनिक रीत्या जोडतो. १९७० नंतर सोने महागल्याने निकेल-क्रोमियम मिश्रधातू प्रचारात आल्या. मात्र निकेलाची अधिहृषता व काहींतील बेरिलियमाची विषारी धूळ हे त्यांचे दोष ठरले. एकविसाव्या शतकात झिर्कोनियाच्या टोप्यांमुळे या प्रकाराचा वापर घटला आहे.