हॉटेलवाल्यांचं म्हणणं दिल्लीपर्यंत कसं पोचतं? विभागीय संघटनांची ओळख

पणजी, इंदूर, ग्वाल्हेर आणि वडोदरा इथले हॉटेलवाले एका संघटनेच्या कक्षेत येतात, तर बेळगाव आणि हैदराबादचे दुसऱ्या. राज्य बदललं की कर, परवाना आणि विजेचा दर बदलतो. त्यामुळे हॉटेल आणि पर्यटन व्यवसायाचं गाऱ्हाणं कोण मांडतं, हे सीमाभागातल्या व्यावसायिकाला ठाऊक असलेलं बरं.

रचना

देशपातळीवरची शिखर संस्था म्हणजे 1955 साली स्थापन झालेली फेडरेशन ऑफ हॉटेल अँड रेस्टॉरंट असोसिएशन्स ऑफ इंडिया (एफएचआरएआय). तिच्याखाली उत्तर, पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा चार विभागीय संघटना आहेत. पश्चिमेची संघटना (एचआरएडब्ल्यूआय) मुंबईत असून महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तसंच दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली तिच्याकडे येतात. कर्नाटक आणि तेलंगणासह दक्षिणेची राज्यं चेन्नईच्या 'सिहरा'कडे आहेत. याशिवाय स्थानिक संघटना वेगळ्या. मुंबईत 'आहार' आणि गोव्यात ट्रॅव्हल अँड टुरिझम असोसिएशन ऑफ गोवा (टीटीएजी) ही त्यातली ठळक नावं.

कुठला प्रश्न कुणाकडे?

दारूवरचं अबकारी शुल्क आणि परमिट रूमचा परवाना हे राज्य सरकारच्या हातात. घरपट्टी आणि कचऱ्याचं शुल्क पालिकेकडे. खोलीभाड्यावरचा जीएसटी मात्र जीएसटी परिषद ठरवते. तिथे मतांचं एक तृतीयांश वजन केंद्राचं आणि दोन तृतीयांश सगळ्या राज्यांचं. ठरावाला तीन चतुर्थांश बहुमत लागतं. म्हणून नुसतं दिल्लीत निवेदन देऊन भागत नाही, प्रत्येक राज्याच्या अर्थमंत्र्यालाही पटवावं लागतं. विभागीय संघटनेचं खरं काम इथेच असतं.

खोलीभाड्याचा कर

2017 साली जीएसटी आला तेव्हा 7,500 रुपये आणि त्यावरच्या खोलीला 28 टक्के कर होता. परदेशी पाहुणा त्याच पैशात थायलंड किंवा श्रीलंकेला जातो, अशी व्यावसायिकांची तक्रार होती. 20 सप्टेंबर 2019 रोजी परिषदेची बैठक गोव्यातच झाली आणि महागड्या खोल्यांचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. 1,000 ते 7,500 रुपयांच्या खोल्यांना 12 टक्के ठरले. पुढे जुलै 2022 मध्ये 1,000 रुपयांपर्यंतच्या खोल्यांची सूट गेली. याचा फटका बसस्टँडजवळच्या साध्या लॉजना आणि तिथे उतरणाऱ्या गिऱ्हाइकांना बसला.

22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के कर आहे. म्हणजे 3,000 रुपयांच्या खोलीवर 360 ऐवजी 150 रुपये. पाहुण्याचे 210 रुपये वाचले. पण यात एक मेख आहे. हॉटेलवाल्याला आता इनपुट क्रेडिट मिळत नाही. एसी, गाद्या, रंगकाम यांवर भरलेला जीएसटी त्याच्याच अंगावर पडतो. नूतनीकरण काढलेल्या छोट्या हॉटेलाला ही सवलत महागही पडू शकते.

प्रत्येक वेळी यश येतंच असं नाही

बिलात आपोआप सेवाशुल्क लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये काढली. एफएचआरएआय आणि रेस्टॉरंटवाल्यांची राष्ट्रीय संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. आधी स्थगिती मिळाली, पण 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या.

महाराष्ट्रात परवाना शुल्क, व्हॅट आणि अबकारी अशी तिहेरी वाढ झाली, तेव्हा 'आहार'च्या हाकेवर 14 जुलै 2025 रोजी परमिट रूम आणि बार बंद ठेवले गेले.

छोट्या व्यावसायिकाने काय करावं?

अडचण तोंडी सांगून पुढे जात नाही. परवान्याची प्रत, विजेची बिलं, जुना आणि नवा कर असे कागद आधी स्थानिक संघटनेकडे द्यावेत. दहा गावांतून सारखाच आकडा आला, की निवेदनाला वजन येतं. गाव सीमेच्या कुठल्या बाजूला आहे तेही पाहावं, कारण चंदगडचा लॉजवाला मुंबईच्या संघटनेच्या कक्षेत येतो आणि शेजारच्या बेळगावचा चेन्नईच्या.