पद्मिनीची काच

चितोडच्या पद्मिनीच्या दंतकथेत आरशाला जे महत्त्व आहे, तेच आमच्या पद्मिनीच्या कथेत काचेला आहे. फरक इतकाच, की खिलजीला आरशात निदान प्रतिबिंब दिसलं म्हणतात. मला काचेपायी नुसते तारे दिसले.

आमची पद्मिनी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, वडिलांनी १९८६ साली घेतलेली. हिच्या पुढच्या दारांत मोठ्या काचेपुढे एक लहान त्रिकोणी काच असते. खिटी काढून ती फिरवली, की वारा थेट तोंडावर. डावीकडची काच आईची. आईला घाट लागतो. खंबाटकी आला, की ती काच फिरवायची आणि लिंबू हुंगत वाईपर्यंत तग धरायची. वडील गेले, गाडी राहिली. गेल्या पावसाळ्यात भाच्याने खेळता खेळता ती खिटी मोडली आणि आईने जाहीर केलं, "मग मी काही वाईला येत नाही." वाईला तिची थोरली बहीण असते, वय वर्षे ८६. तेव्हा खिटी शोधणं आलं.

या काचेला खानदान आहे बरं का! १९३३ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांना ती फिशर बॉडीने बसवली. त्याआधी थंडीपावसात खिडकी उघडावी तर माणूस गारठे, मिटावी तर काचेवर वाफ धरे. ही काच किंचित तिरकी केली, की बाहेरून जाणारा वारा आतली हवा ओढून घेतो. पुरती फिरवली, की वारा आत घेते. ना मोटर, ना वायर. पुढे १९६४ च्या अखेरीस इंग्लंडात फोर्डने कॉर्टिनाच्या डॅशबोर्डातल्या झरोक्यांतून हवा आत आणि मागून बाहेर अशी व्यवस्था केली, आणि त्रिकोणी काचेला उतरती कळा लागली. नेमकी त्याच साली आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडली. तिलाच १९७४ पासून पद्मिनी म्हणू लागले. जग काच काढायला लागलं, तरी आपण शतक सरेपर्यंत बसवत राहिलो. लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. काच त्रिकोणी की चौकोनी हे विचारायची कोणाची छाती होती?

मी पडलो कॉमर्सचा. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे बंद झाल्या. म्हटलं, भंगारात पुरवठा वाढला म्हणजे भाव पडणार! कुर्ल्याच्या भंगारवाल्याने माझं अर्थशास्त्र एका वाक्यात निकालात काढलं. "साहेब, टॅक्सी होत्या म्हणून माल येत होता. टॅक्सी गेल्या, माल कोण बनवणार?" काचा होत्या, चौकटीही होत्या. खिट्या मात्र नव्हत्या. चौथ्या खेपेला त्याने एका डब्यातून एक काढून दिली. जिथे गाडी जन्मली त्याच गावच्या भंगारात तिचा अवयव मिळाला, म्हणून मी घासाघीसही केली नाही.

घरी आलो तर खिटी उजवीकडची! डावीकडे डेबिट, उजवीकडे क्रेडिट हे वीस वर्षं रोज लिहिणारा मी. पुन्हा गेलो. भंगारवाला म्हणाला, "बँकेत आहात ना?" तो काय सुचवत होता ते मी विचारलं नाही. डावी मिळालीच नाही. शेवटी मोडकी खिटी नमुन्याला देऊन एका लेथवाल्याकडून पितळेची नवी घडवून घेतली. तिच्यावर आधी निकेलचा मुलामा चढवला, मग क्रोमचा. कडेचं रबरही मापाने कापून बसवलं. एकूण खर्च मी बायकोला सांगितला नाही. तुम्हालाही सांगत नाही.

दिवाळीनंतर निघालो. खंबाटकीत आईने खिटी सोडून काच फिरवली. लिंबू पिशवीतच राहिलं. मी विचारलं, "जमतंय ना?"

"जमतंय," आई म्हणाली, "पण आधीची जरा सैल फिरायची. ह्यांनी माझ्या बोटांपुरती करून दिली होती ती."

सुरूरच्या फाट्यावर थांबून मी तिला दोन थेंब तेल घातलं.