निवडक प्रकटीकरण (ब्लॉकचेन)

ब्लॉकचेनवरचा व्यवहार खरा आहे हे कोणालाही पडताळता यावे, पण त्यातील रक्कम, पत्ते व खासगी तपशील मात्र मालक ज्याला दाखवील त्यालाच दिसावेत, अशी व्यवस्था. कोणाला, काय आणि कोणत्या अटीवर दिसावे हे नेटवर्कवरील प्रोग्राममध्येच लिहिता आले, तर तिला प्रोग्रामेबल गोपनीयता म्हणतात.

जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनची खातेवही सर्वांना खुली आहे. तिच्यात नावाऐवजी पत्ता असतो. पण तो पत्ता कोणाचा हे एकदा कळले, की त्यावरचे मागचे-पुढचे सगळे व्यवहार वाचता येतात. पगार, देणग्या, औषधपाण्याचा खर्च चव्हाट्यावर मांडणारी वही सामान्य माणसाच्या कामाची नाही.

यावरचा उपाय शाफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या शून्य-ज्ञान सिद्धतेतून निघाला. एखादे विधान खरे असल्याची खात्री पटवता येते आणि त्यामागची माहिती हातची जात नाही, हे तिचे सामर्थ्य. ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या झीकॅश या चलनाने ती प्रत्यक्ष व्यवहारात आणली. झीकॅशमध्ये खुले आणि झाकलेले असे दोन्ही प्रकारचे पत्ते आहेत. झाकलेल्या व्यवहारात देणारा, घेणारा व रक्कम बाहेरच्याला दिसत नाहीत. पैसे पुरेसे होते आणि दोनदा खर्चले गेले नाहीत, एवढेच नेटवर्क तपासते.

झीकॅशमध्ये पाहण्याची किल्ली खर्चाच्या किल्लीपासून वेगळी ठेवलेली आहे. समजा, एखाद्या संस्थेने झाकलेल्या पत्त्यावर देणग्या घेतल्या आणि हिशेबतपासनिसाला आवक पाहण्याची किल्ली दिली. त्याला प्रत्येक देणगीची रक्कम आणि सोबतचा, जास्तीत जास्त ५१२ बाइटचा, मजकूर वाचता येतो. पण एक नाणेही हलवता येत नाही. त्यातले किती खर्च झाले हेही त्याला कळत नाही. त्यासाठी पूर्ण पाहण्याची किल्ली द्यावी लागते. तीही त्या खात्याचा सगळा काळ उघडते. केवळ एका आर्थिक वर्षापुरती बेतून देता येत नाही.

प्रोग्रामेबल नेटवर्कांचा प्रयत्न ही उणीव भरून काढण्याचा आहे. इथेरियमवर आधारलेल्या अॅझ्टेकसाठी नॉइर, तर कार्डानोच्या परिवारातील मिडनाइटसाठी कॉम्पॅक्ट ही भाषा वापरतात. ‘वय अठराच्या वर आहे का?’ याचे उत्तर जन्मतारीख न सांगता देणारा प्रोग्राम अशा भाषांत लिहिता येतो. मास्क्ड आधारवर शेवटचे चार अंक दिसतात, ते ठरवून दिलेले असतात. इथे काय दिसावे हे प्रत्येक प्रसंगी वेगळे ठरवता येते.

झाकलेल्या वहीचा मोठा धोका गोपनीयता फुटण्याचा नाही, खोट्या नाण्यांचा आहे. आतल्या रकमा दिसत नसल्याने बनावट नाणी डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. मार्च २०१८ मध्ये एरियल गॅबिझॉन यांना झीकॅशच्या गणिती पायात नेमकी अशीच चूक सापडली. ऑक्टोबर २०१८ मधील सॅपलिंग सुधारणेत ती दूर झाली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर करण्यात आली. झाकलेल्या साठ्यात जेवढी नाणी गेली त्याहून जास्त बाहेर येऊ नयेत, अशी मोजणी आता नेटवर्कच करते. ही मोजणी उघडी आहे म्हणूनच बाकीचे झाकणे परवडते.

वापरणाऱ्याची घाईही गोपनीयता घालवते. झाकलेल्या साठ्यात टाकलेली रक्कम तशीच्या तशी थोड्याच वेळात बाहेर काढली, तर दोन्ही टोके जुळवता येतात; युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये झीकॅशच्या व्यवहारांवरून हे दाखवून दिले.

एकदा दिलेली पाहण्याची किल्ली परत घेता येत नाही, तिची प्रत कोणाकडे गेली हेही समजत नाही. म्हणून हिशेब दाखवायचे व्यवहार आणि घरचे व्यवहार यांसाठी सुरुवातीपासूनच वेगळी खाती ठेवावीत.