आधी नक्कल, मग नमुना

पुरुषांच्या कपड्यांचा डिझायनर म्हटलं की पॅरिस किंवा मिलान आठवतं. आजचा आपला माणूस न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतला. नाव डॅनियल डे, जन्म १९४४चा. लोक त्याला डॅपर डॅन म्हणत, म्हणजे टापटीप डॅन.

तरुणपणी तो फाशांच्या जुगारावर कमवायचा. १९८२ साली त्यानं १२५व्या रस्त्यावर दुकान काढलं. गुची, फेंडी, लुई व्हितॉं यांची चिन्हं चामड्यावर छापायला तो स्वतः शिकला आणि सेनेगलहून आलेल्या शिंप्यांकडून त्याची जॅकेटं शिवून घेऊ लागला. लुई व्हितॉं तर तेव्हा कपडे बनवतच नव्हती! रॅपर एलएल कूल जे, मुष्टियोद्धा माइक टायसन ही त्याची गिऱ्हाइकं.

पण चिन्हं विनापरवाना होती. छापे पडले, खटले झाले. १९९२मध्ये दुकान बंद झालं.

२०१७मध्ये गुचीनं एक जॅकेट दाखवलं. डॅननं १९८०च्या दशकात धावपटू डायान डिक्सनसाठी केलेल्या जॅकेटचीच ती प्रतिकृती होती. लोकांनी समाजमाध्यमांवर जाब विचारला. गुची म्हणाली, हा मानाचा मुजरा आहे. मग तिनं पुरुषांच्या सुटांच्या जाहिरातीत डॅनलाच उभं केलं आणि २०१८मध्ये हार्लेममध्ये त्याच्यासोबत कार्यशाळा उघडली.

अमेरिकेत चिन्हाला कायद्याचं संरक्षण आहे. कपडा कसा बेतला, याला ते जवळजवळ नाही. म्हणून चिन्ह घेणाऱ्या डॅनचं दुकान गेलं. त्याचं जॅकेट उचललं गेलं, तेव्हा त्याच्या बाजूनं उभी राहिली ती लोकांची आठवण.