ओळख लोच माशांची : लहान टाकीत कोणता ठेवावा, कोणता टाळावा

शोभिवंत माशांच्या दुकानात गप्पी, मॉली, एंजल यांच्या टाक्यांवरून नजर फिरवताना एखाद्या टाकीच्या तळाशी, दगडाच्या आडोशाला एकमेकांना खेटून बसलेले पट्टेरी मासे दिसतात. नारिंगी अंगावर काळे पट्टे, खालच्या बाजूला वळलेले तोंड आणि तोंडाभोवती इवल्याशा मिशा. हे लोच मासे. जेमतेम दोन इंचांचा हा मासा पाहताक्षणी मनात भरतो आणि बहुतेकदा एकटाच घरी येतो. लहान दिसणारा हा मासा प्रौढपणी केवढा होणार, त्याला किती सोबती लागतात आणि तो कोणत्या नदीतून आला, हे प्रश्न मात्र खरेदीच्या वेळी क्वचितच विचारले जातात. लोच पाळण्यातील बहुतेक अपयशाचे मूळ देखभालीत नसून चुकलेल्या ओळखीत असते.

लोच म्हणजे कोणता मासा?

लोच ही माशाची एक जात नव्हे. कार्प माशांच्या गणातील अनेक कुळांचे हे सामायिक नाव आहे. आशिया आणि युरोपातील ओढ्यानद्यांमध्ये त्यांच्या शेकडो जाती आढळतात. भारतात हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत त्यांचे वास्तव्य आहे. बहुतेक जाती तळाशी राहणाऱ्या असून वाळू चिवडून किडे, अळ्या व बारीक गोगलगाई खातात.

काही खुणांवरून लोच ओळखता येतो. तोंडाभोवती मिशांच्या किमान तीन जोड्या असतात. खवले अतिशय बारीक आणि कातडीत रुतलेले असल्याने अंग गुळगुळीत भासते. अनेक जातींमध्ये डोळ्याखाली एक लहान काटा दडलेला असतो. मासा घाबरला की तो काटा बाहेर येतो व जाळीत अडकतो. ओढाताण झाल्यास माशाच्या डोळ्याला व चेहऱ्याला इजा होते. म्हणून लोचला जाळीऐवजी प्लॅस्टिकच्या भांड्यात अलगद वळवून पकडावे.

काही लोच आडवे पडून विश्रांती घेतात. क्लाऊन लोच तर मेल्यासारखा कुशीवर पडून राहतो आणि पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकवतो. श्वास नियमित चालू असेल तर त्यात काळजीचे कारण नसते.

नावांचा गोंधळ

दुकानांत 'बोटिया' आणि 'लोच' ही नावे सरसकट वापरली जातात. 'सकिंग लोच' या नावाने विकला जाणारा, काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा खऱ्या अर्थाने लोच नाहीच. त्याला मिशा नसतात आणि कल्ल्याच्या प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन छिद्रे असतात. बालवयात तो शेवाळ साफ करतो; पण पुढे वीत-सव्वा वीत वाढून भांडखोर होतो आणि इतर माशांच्या अंगावरील चिकट थर ओरबाडू लागतो. शेवाळ घालवण्यासाठी म्हणून त्याला लहान टाकीत आणणे हा महागात पडणारा उपाय आहे.

'यो-यो' लोचची कथा वेगळी. त्याच्या अंगावरील काळ्या रेषांत लहानपणी इंग्रजी वाय आणि ओ ही अक्षरे दिसतात, यावरून हे नाव पडले. शास्त्रीय नाव बोटिया अल्मोऱ्हे. त्यात उत्तराखंडातील अल्मोड्याचा उल्लेख आहे. दुकानांत मात्र तो 'लोहाचाटा' या नावानेही मिळतो. मासा धीट आणि पाहण्यास मौजेचा आहे. परंतु पाच-सहा इंचांपर्यंत वाढतो.

लहान टाकी म्हणजे किती?

शहरी घरांत साधारणपणे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी असते. तिची क्षमता सुमारे ५६ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपास उरते. लोच हा बहुधा समूहात राहणारा मासा आहे. एकटा ठेवला तर तो लपून बसतो, नीट खात नाही किंवा इतरांना त्रास देतो. म्हणून टाकीचा हिशेब एका माशाचा न करता पाच-सहा माशांच्या प्रौढ आकाराचा करावा.

या हिशेबात क्लाऊन लोच कुठेच बसत नाही. इंडोनेशियातील सुमात्रा व बोर्निओच्या नद्यांतला हा मासा टाकीतही आठ-दहा इंचांचा होतो, त्याहून मोठाही होऊ शकतो. तो वीस वर्षांहून अधिक जगतो. सुरुवातीच्या वर्षांनंतर वाढ मंदावत असल्याने 'आमचा मासा फार वाढत नाही' असा पाळणाऱ्याचा समज होतो. वास्तविक त्याला सहा फुटी टाकी लागते. दोन फुटी टाकीत ठेवलेल्या क्लाऊन लोचची वाढ खुंटते आणि आयुष्य घटते. निळसर करड्या अंगाचा, तांबूस परांचा 'रेडटेल बोटिया' हाही मोठा होणारा आणि तापट मासा असल्याने टाळावा.

दोन फुटी टाकीसाठी योग्य जाती

कूली लोच : गांडुळासारखा लांबट, पिवळसर अंगावर गडद पट्टे असलेला हा मासा आग्नेय आशियातील आहे. 'कूली' म्हणून मिळणारे बहुतेक मासे प्रत्यक्षात पँजिओ सेमिसिंक्टा या जवळच्या जातीचे असतात. पाळण्याच्या दृष्टीने फरक पडत नाही. लांबी तीन ते चार इंच, स्वभाव अत्यंत शांत. सहा मासे दोन फुटी टाकीत सुखाने राहतात. दिवसा ते लपतात, दिवे मालवले की बाहेर येतात. गाळणीच्या नळीत शिरण्याची त्यांना खोड असल्याने नळीच्या तोंडावर स्पंज बसवणे आवश्यक आहे.

ड्वार्फ चेन लोच : पाठीवर साखळीसारखी काळी नक्षी असलेला हा मासा मूळचा थायलंडचा. लांबी दोन ते सव्वादोन इंच. इतर लोचप्रमाणे तळाला चिकटून न राहता तो पाण्याच्या मधल्या थरातही झुंडीने पोहतो. निसर्गात ही जात संकटग्रस्त आहे. बाजारात येणारे मासे मुख्यतः शेतीत पैदास केलेले असतात. तो चपळ असल्याने अडीच फुटांची टाकी मिळाली तर अधिक उत्तम.

ठिपकेदार वाळूचा लोच : लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मालिस ही दक्षिण भारत आणि श्रीलंकेतील जात. लांबी सुमारे तीन इंच, वाळूच्या रंगाच्या अंगावर तपकिरी ठिपके. तो वाळूत शिरून फक्त डोळे बाहेर ठेवतो. पाण्यात प्राणवायू कमी पडल्यास पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि आतड्यातून ती शोषून घेतो. असे वारंवार घडू लागले तर पाण्याची स्थिती तपासावी.

सह्याद्रीचा पट्टेरी लोच

महाराष्ट्रातील वाचकांसाठी झेब्रा लोचची ओळख विशेष महत्त्वाची आहे. बोटिया स्ट्रायाटा हे त्याचे शास्त्रीय नाव. पिवळसर अंगावर अनेक बारीक, जवळजवळ असलेले गडद पट्टे आणि तीन-साडेतीन इंचांची लांबी यांवरून तो ओळखता येतो. नारायण राव यांनी १९२० मध्ये या जातीचे वर्णन केले. पश्चिम घाटाबाहेर जगात हा मासा कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. कृष्णा खोऱ्यातील नद्यांचे वरचे प्रवाह हे त्याचे घर. कोल्हापूर भागातील माशांच्या १९५६ मधील अभ्यासात तेथील प्रकाराला कोल्हापूरचेच नाव देण्यात आले होते.

सुंदर, लहान आणि शांत असल्याने या माशाला परदेशातही मोठी मागणी आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००५ ते २०१२ या काळात भारतातून ३० संकटग्रस्त जातींच्या सुमारे १५ लाख गोड्या पाण्यातील माशांची निर्यात झाली. त्यातील मोठा वाटा ज्या तीन माशांचा होता, त्यांत झेब्रा लोचचा समावेश होता. वाळू उपसा, प्रदूषण आणि अडवलेले प्रवाह यांनी आधीच आकसलेल्या अधिवासावर या व्यापाराचा भार पडतो.

पाळण्याच्या दृष्टीने त्याला पाच-सहाच्या समूहात, तीन फुटी टाकीत, स्वच्छ आणि वाहते पाणी लागते. दोन फुटी टाकीत तो ठेवू नये. मोठी टाकी असली तरी मासा पैदास केंद्रातील आहे की नदीतून पकडलेला, हे विक्रेत्याला विचारावे. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर खरेदी टाळणे श्रेयस्कर.

डोंगरी ओढ्यांतील लोच स्वतः पकडून आणण्याचा मोहही आवरावा. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळ सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या नव्या जातीचे वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. तिचे क्षेत्र इतके मर्यादित आहे की २०२१ मध्ये राज्य शासनाने ते स्थळ जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. एखाद्या ओढ्यातील दिसायला साधा लोच जगात फक्त त्याच ठिकाणचा असू शकतो, हे यावरून लक्षात यावे.

टाकीची मांडणी

तळाला धारदार खडी न घालता बारीक, गुळगुळीत वाळू पसरावी; खरखरीत खडीने मिशा झिजतात व जखमा होतात. गोटे, नारळाची करवंटी, लाकडाचे ओंडके यांनी लपण्याच्या जागा कराव्यात. माशांच्या संख्येपेक्षा जागा जास्त असल्या तर भांडणे कमी होतात. दगड थेट काचेवर बसवावेत. वाळूवर ठेवलेला दगड माशांच्या उकरण्याने घसरू शकतो. लोच उडी मारतात, म्हणून घट्ट झाकण हवे.

टाकी भरल्या दिवशीच लोच सोडू नये. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू गाळणीत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. लोच तळाशी राहत असल्याने साचलेल्या घाणीचा त्रास त्यांना आधी होतो. दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी क्लोरीनरोधक द्रावण वापरावे.

तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस असावे. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातील प्राणवायू कमी होतो. अशा वेळी हवेचा पंप सतत चालू ठेवावा, झाकणाखालचा दिवा बंद करावा. वीज खंडित होण्याचा प्रश्न असलेल्या भागात बॅटरीवर चालणारा पंप जवळ असावा.

आहार

पृष्ठभागावर तरंगणारे खाद्य इतर मासे फस्त करतात व लोच उपाशी राहतात. म्हणून तळाशी बसणाऱ्या गोळ्या संध्याकाळी दिवा मालवल्यानंतर द्याव्यात. आठवड्यातून दोनदा गोठवलेल्या अळ्या द्याव्यात. जिवंत ट्युबिफेक्स किडे घाणीच्या पाण्यात वाढत असल्याने त्यांतून रोग येण्याचा धोका असतो. केवळ गोगलगाई संपवण्यासाठी लोच आणणे योग्य नव्हे; गोगलगाईंची भरमसाट वाढ हे बहुधा जादा खाद्य टाकल्याचे लक्षण असते, म्हणून आधी खाद्य कमी करावे.

आजार आणि औषधे

नवीन लोचना अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येण्याचा आजार लवकर जडतो. खवले बारीक असल्याने मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मलिन आणि तांबेयुक्त औषधे त्यांना पूर्ण मात्रेत सोसत नाहीत. उपचार निम्म्या मात्रेपासून सुरू करावा. तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत वाढवावे आणि हवेचा पुरवठा वाढवावा. औषध परजीवीच्या मोकळ्या पोहणाऱ्या अवस्थेवरच परिणाम करते. त्यामुळे ठिपके दिसेनासे झाल्यावरही उपचार काही दिवस चालू ठेवावा.

भरपूर खाऊनही मासा वाळत गेला आणि पाठ धारेसारखी दिसू लागली तर पोटातील परजीवींची शंका घ्यावी. खपाटीला गेलेल्या पोटाचा मासा दुकानातूनच घेऊ नये. नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच मुख्य टाकीत सोडावेत.

नको झालेला मासा

वाढलेला लोच नदीत वा तलावात सोडणे ही दया नव्हे. पूर्व आशियातील वेदर लोच पाळीव माशांच्या व्यापारातून ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि युरोपच्या पाण्यात पसरला आहे. असे मासे दुकानदाराला किंवा मोठी टाकी असलेल्या हौशी पाळणाऱ्याला द्यावेत. अर्थात, ही वेळ न येऊ देण्याचा मार्ग सोपा आहे. दुकानात पिशवी भरून घेण्यापूर्वी माशाची जात, प्रौढ लांबी आणि उगम या तीन गोष्टी विचाराव्यात. त्यांची उत्तरे घरच्या टाकीशी जुळली, तरच मासा घ्यावा.