दिएगो (नाव)

दिएगो हे स्पॅनिश भाषेतील पुरुषांचे व्यक्तिनाव आहे. स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतील स्पॅनिश भाषक देशांत ते मध्ययुगापासून अखंड प्रचारात आहे. पोर्तुगीज भाषेत त्याचे रूप दिओगो असे होते. मराठी वृत्तपत्रांत डिएगो, दियेगो, डियागो अशी निरनिराळी रूपे आढळतात. स्पॅनिशमधील आद्य व्यंजन दंत्य आहे, मूर्धन्य नाही, म्हणून ‘दिएगो’ हे लेखन मूळ उच्चाराला अधिक जवळचे ठरते. ‘डि’ने सुरू होणारी रूपे इंग्रजीच्या वाटेने मराठीत आली आहेत.

व्युत्पत्ती

या नावाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. लोकप्रिय मतानुसार दिएगो हे येशूचा शिष्य संत याकोब याच्या नावाचे रूप आहे. हिब्रू याकोव, ग्रीक इयाकोबोस, लॅटिन इयाकोबुस अशी परंपरा चालत येऊन स्पेनमध्ये त्याचे ‘यागो’ झाले. त्याला ‘संत’ हे विशेषण जोडून ‘सान्तियागो’ हा जोडशब्द तयार झाला. पुढे लोकांनी या शब्दाची फोड ‘सान्त + यागो’ अशी न करता ‘सान + तियागो’ अशी केली, त्यातून ‘तियागो’ हे स्वतंत्र नाव निघाले आणि त्याचेच पुढे ‘दिएगो’ झाले, असे हे मत सांगते. यातील पहिला भाग निर्विवाद आहे. ‘तियागो’ हे नाव अशा चुकीच्या फोडीतूनच जन्मले आणि पोर्तुगीजमध्ये ते आजही लोकप्रिय आहे. वाद आहे तो शेवटच्या पायरीविषयी.

दुसऱ्या मतानुसार दिएगोचे मूळ मध्ययुगीन लॅटिन दस्तऐवजांतील ‘दिदाकुस’ या नावात आहे. दोन स्वरांमधील ‘द’ लोप पावणे आणि ‘क’चा ‘ग’ होणे, हे दोन्ही बदल स्पॅनिशच्या इतिहासात नेहमीचे आहेत. त्यामुळे दिदाकोपासून ‘दियागो’ आणि त्यापासून ‘दिएगो’ ही वाटचाल सरळ दिसते. याउलट शब्दारंभीच्या ‘त’चा ‘द’ होणे ही त्या भाषेची रीत नव्हे. ‘आ’चा ‘ए’ कसा झाला, ही गाठ मात्र दोन्ही मतांना सोडवावी लागते.

कागदपत्रांचा पुरावाही दुसऱ्या मताकडे झुकतो. इ.स. 884 मध्ये बुर्गोस नगराची स्थापना करणारा कास्तीलचा काउंट दिएगो रोद्रिगेस पोर्सेलोस लॅटिनमध्ये ‘दिदाकुस’च होता. त्याहून बोलके उदाहरण दिएगो हेल्मीरेस याचे आहे. संत याकोबाची समाधी जेथे मानली जाते त्या सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथील हा पहिला आर्चबिशप. हे पद 1120 मध्ये निर्माण झाले. आपल्या नावाचे नाते थेट या संताशी असते, तर ते मिरवण्याची याच्याइतकी सोय दुसऱ्या कोणाला असणार? तरीही त्याच्याच आश्रयाने लिहिल्या गेलेल्या लॅटिन इतिहासात त्याचे नाव ‘दिदाकुस’ आहे, ‘इयाकोबुस’ नव्हे. यावर, ‘दिदाकुस’ हे लेखनिकांनी बोलीतील नावावर मागाहून चढवलेले लॅटिन अंगरखे आहे, असा प्रतिवाद काही अभ्यासक करतात. तो सर्वस्वी फेटाळता येत नाही.

दिदाकुस हे नाव तरी कोठून आले? ‘शिकवण’ या अर्थाच्या ‘दिदाखे’ या ग्रीक शब्दाशी त्याचा संबंध अनेकदा जोडला जातो आणि बालनामांच्या पुस्तकांत ‘दिएगो म्हणजे शिक्षक’ असा अर्थ छापला जातो. शिक्षकी पेशातील वाचकांना तो सुखावणारा असला, तरी त्यास ध्वनिसाम्यापलीकडे फारसा आधार नाही. रोमनपूर्व काळातील एखाद्या स्थानिक नावाचे हे अवशेष असावेत, असेही सुचवले गेले आहे.

व्युत्पत्ती काहीही असो, पंधराव्या शतकाच्या अखेरीस लोकव्यवहारात दोन्ही नावे एकच मानली जाऊ लागली होती. क्रिस्तोफर कोलंबसच्या धाकट्या भावाचे इटालियन नाव जाकोमो, म्हणजे याकोब. स्पेनमध्ये आल्यावर तो ‘दिएगो’ झाला. कोलंबसच्या मुलाचे नावही दिएगोच होते. तो पुढे वेस्ट इंडीजचा व्हाइसरॉय झाला.

आडनावे

स्पॅनिश भाषेतील दियास, दिएस आणि दिएगेस ही आडनावे ‘दिएगोचा पुत्र’ या अर्थाने रूढ झाली. मराठीत वडिलांचे नाव मधले नाव म्हणून लावतात. मध्ययुगीन कास्तीलमध्ये ते प्रत्यय लावून आडनावाच्या जागी येई आणि दर पिढीला बदले. ‘एल सिद’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या वीराच्या घराण्यात हे स्पष्ट दिसते. वडील दिएगो लाइनेस, स्वतः रोद्रिगो दियास आणि मुलगा दिएगो रोद्रिगेस. हा मुलगा 1097 मध्ये कोन्सुएग्राच्या लढाईत मारला गेला.

दियासचे पोर्तुगीज रूप ‘दियश’. 1488 मध्ये आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडणाऱ्या बार्तोलोमेउ दियशचे आडनाव हेच. गोव्यातील आणि वसई परिसरातील ख्रिस्ती समाजात आढळणारे ‘डायस’ हे आडनावही त्यातूनच आले आहे. ‘डिसोझा’, ‘परेरा’ यांच्या तुलनेत त्याचा अर्थ कमी लोकांना ठाऊक असतो.

संत

आल्कालाचा संत दिएगो (मृत्यू 1463) हा फ्रान्सिस्कन पंथातील साधा सेवक बंधू होता. त्याने पुरोहितपदाची दीक्षा घेतलेली नव्हती. 1562 मध्ये स्पेनचा युवराज दोन कार्लोस जिन्यावरून पडून मरणासन्न झाला, तेव्हा या साधूचा देह त्याच्या शय्येशी आणण्यात आला. युवराज बरा झाला. राजा फेलिपे दुसरा याने त्याचे श्रेय दिएगोला देऊन संतपदासाठी आग्रह धरला आणि 1588 मध्ये पोप सिक्स्तुस पाचवा याने ते घोषित केले. कॅलिफोर्नियातील सान दिएगो शहराचे नाव याच संतावरून पडले आहे, संत याकोबावरून नव्हे. सेबास्तियान विस्काइनो याने 1602 च्या नोव्हेंबरमध्ये तेथील उपसागराला हे नाव दिले. त्याच्या मुख्य जहाजाचे नावही सान दिएगोच होते.

मेक्सिकोतील आदिवासी हुआन दिएगो याला 1531 मध्ये ग्वादालुपेच्या मातेचे दर्शन झाले, अशी श्रद्धा आहे. 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला संत घोषित केले.

इतिहासातील व्यक्ती

दिएगो दे आल्माग्रो (मृत्यू 1538) हा पेरूच्या विजयात फ्रान्सिस्को पिसारोचा भागीदार आणि पुढे प्रतिस्पर्धी होता. पिसारोच्या भावाने त्याला कुस्को येथे ठार करवले. त्याच्याच नावाच्या मुलाच्या पक्षाने 1541 मध्ये पिसारोचा वध केला आणि पुढल्या वर्षी तो मुलगाही वधस्तंभावर गेला.

दिएगो दे लान्दा (1524–1579) या धर्मोपदेशकाचे कार्य विलक्षण विरोधाभासाचे आहे. 1562 मध्ये युकातानमधील मानी येथे त्याने माया लोकांचे हस्तलिखित ग्रंथ जाळले. एका संस्कृतीची लिखित स्मृती त्यात नष्ट झाली. परंतु त्यानेच लिहिलेल्या युकातानच्या वृत्तांतात माया चिन्हांची एक ‘वर्णमाला’ नोंदलेली होती. ती सदोष असल्याने विद्वानांनी दीर्घकाळ दुर्लक्षिली. 1952 मध्ये सोव्हिएत अभ्यासक युरी क्नोरोझोव यांनी ती चिन्हे वर्ण नसून अक्षरे, म्हणजे स्वरयुक्त व्यंजने, दर्शवतात हे ओळखले आणि माया लिपीच्या वाचनाचा मार्ग खुला झाला. देवनागरी वाचणाऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

पोर्तुगीज दिओगोंपैकी दिओगो दो कोउतो (मृत्यू 1616) याचे नाव गोव्याच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्याने गोव्याच्या दप्तरखान्याचे काम पाहिले, आशियातील पोर्तुगीज राजवटीचा बृहद् इतिहास पुढे चालवला आणि तेथील अधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचारावर कठोर लेखन केले. त्याचे निधन गोव्यातच झाले.

चित्रकला

दिएगो वेलास्केस (1599–1660) हा सेव्हियात जन्मलेला दरबारी चित्रकार. त्याचे आजी-आजोबा पोर्तुगालमधून आलेले होते. वेलास्केस हे आडनाव आईकडचे. 1656 च्या ‘लास मेनिनास’ या चित्रात त्याने राजकन्येच्या शेजारी, कुंचला हाती घेतलेले स्वतःचे चित्रही रंगवले आहे.

मेक्सिकोचा दिएगो रिव्हेरा (1886–1957) भित्तिचित्रांसाठी ओळखला जातो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधील त्याचे भित्तिचित्र, त्यातील लेनिनच्या प्रतिमेमुळे, 1934 मध्ये नष्ट करण्यात आले. रिव्हेराचा महाराष्ट्राशी एक दुवा आहे. गदर चळवळीतील क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात अध्यापन करीत असताना रिव्हेराच्या वर्तुळात आले. मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर ‘आमची भाकरी’ या अर्थाच्या शीर्षकाचे रिव्हेराचे चित्र आहे. त्यात भाकरी वाटणारी व्यक्ती म्हणून खानखोजे यांना रेखाटले आहे. वर्ध्याचा हा माणूस महाराष्ट्रापेक्षा मेक्सिकोत अधिक ठळकपणे जपला गेला.

क्रीडा

विसाव्या शतकात हे नाव जगभर पोहोचवले ते अर्जेंटिनाच्या दिएगो मारादोना (1960–2020) याने. 1986 च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध त्याने एकाच सामन्यात हाताने केलेला आणि अर्धे मैदान एकट्याने पार करून केलेला, असे दोन गोल नोंदवले. नापोली संघाला त्याने 1987 आणि 1990 मध्ये इटलीचे विजेतेपद मिळवून दिले. तेथील मैदानाला आज त्याचे नाव आहे. त्याचे वडीलही दिएगोच होते.

अर्जेंटिनाचे दिएगो सिमेओने आणि दिएगो मिलितो हेही नामवंत फुटबॉलपटू. उरुग्वेचा दिएगो फोर्लान 2010 च्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2016 मध्ये तो इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटी संघाकडून खेळला.

भाषेत आणि साहित्यात

बोललेला शब्द फिरवणाऱ्यासाठी स्पॅनिशमध्ये एक म्हण आहे: ‘जेथे मी दिगो म्हणालो, तेथे दिएगो म्हणतो’. ‘दिगो’ म्हणजे ‘मी म्हणतो’. एका स्वराच्या फरकाने अर्थ उलटवण्याची ही गंमत आहे. इंग्रजीतील ‘डेगो’ हा शब्द मात्र गमतीचा नाही. स्पॅनिश आणि पुढे इटालियन लोकांना हिणवण्यासाठी वापरली जाणारी ही शिवी याच नावाचा अपभ्रंश आहे.

जॉन्स्टन मॅककली याने 1919 मध्ये निर्माण केलेल्या झोरो या मुखवटाधारी नायकाचे खरे नाव दिएगो वेगा आहे. पुढे ते ‘दिएगो दे ला वेगा’ असे रूढ झाले.